हातचा एक

शाळा उघडायला आठवडा होता.
वाचनालयातल्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही अकराजणी
आणि एकटा डेल, पूर्वी कालव्याची दारं उघडणारा.
गुडघे पार हनुवटीशी.
बाहेर यॅकिमाच्या दरीत नाशपाती उतरत होती,
आणि माझे हात सवयीनं
शेडचा भोंगा कधी होतो याची वाट बघत होते.

एकोणीस वर्षं मी सफरचंदं निवडली.
पट्टा थांबत नाही. डाग दिसायच्या आत
बोट तिथं पोचलेलं असतं, डोक्याला मागाहून कळतं.
ओफेलिया, तुझे हात म्हणजे मशीन, असं म्हणायचे.
मी ते कौतुक समजून घरी आणायचे.

शिकवायला आलेल्या इंग्रिडबाईंच्या गळ्यात स्टॉपवॉच,
पायात बागेतले मातकट बूट.
म्हणाल्या, प्रश्न विचारा आणि पाच मोजा.
मनात. ओठ न हलवता.
आम्ही मोजले.
त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं:
माझे पाच दोन सेकंदांतच उरकले होते.

मग मदतीची उतरंड.
आधी नुसतं शेजारी असणं. मग नजर.
मग बोट, मग अर्धा शब्द,
आणि अगदीच अडलं तर हातावर हात.
आज जिथवर गेलात, उद्या त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा.
पेन्सिल मुलाची आहे, बाई म्हणाल्या,
आणि चूकसुद्धा.

सरावाला डेल झाला दुसरीतला मुलगा.
त्यानं मुद्दाम उलटा तीन काढला,
आणि मी खोडरबर उचललाच.
सगळे हसले. इंग्रिडबाई नाही हसल्या.
म्हणाल्या, हातांवर बसा.
बसले. मांड्यांखाली ते दोघं
पिशवीत कोंडलेल्या मांजरांसारखे.

डेलनं विचारलं, काही करायचंच नाही,
तर मग पगार कशाचा?
(तासाला शेडपेक्षा नव्वद सेंट कमी.)
बाईंनी कॉफी ओतून घेतली.
उत्तर बहुतेक दुपारनंतरच्या कागदांत होतं.
दुपारनंतर आग लागल्यावर कुठल्या दारानं निघायचं ते झालं,
आणि आम्ही घरी गेलो.

ऑक्टोबर.
फळ्यापाशी प्रुइट सर आणि तेवीस मुलं,
मागच्या टेबलाशी मी आणि नेहेमियास.
सत्तेचाळीस अधिक अडतीस.
सात नि आठ पंधरा. पाच मांडले.
चार नि तीन सात.
पंच्याहत्तर, म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं.

ही पोरं गणित भुवयांवर वाचतात.
मी खिडकीकडे तोंड केलं.
एक.
हॉप्सच्या मळ्यात आता नुसते खांब.
दोन. हीटर खाकरला.
तीन. माझं बोट हवेत होतं, कधी गेलं कळलं नाही,
त्याला खाली आणून मुठीत घातलं.
हातचा म्हणजे हेच असावं:
जे देता येत असून
हातात धरून ठेवायचं.
चार.
पाच.
पाचाच्या पुढे काय, हे कुणी शिकवलं नव्हतं.
सहा. सात. त्यानं पेन्सिलचं टोक चावलं.
आठ.

इथं कुणीतरी राहिलंय, तो म्हणाला,
आणि चाराच्या डोक्यावर
मुंगीएवढा एक काढला.
सातावरच गिरवून गिरवून आठ केला,
इतका काळा की मागच्या पानावर उमटला.

तक्त्यात लिहिलं: मदत, शून्य. वेळ, आठ सेकंद.
‘छान’ लिहायचं नसतं, काय घडलं तेवढंच लिहायचं.
तळहातात नखांच्या चार खुणा होत्या,
त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

पुढच्या गणितात तो परत विसरला.
मी परत खिडकीकडे तोंड केलं.
एक.